करवाढ नाही म्हणून आनंद कशाचा? नगरपरिषदेचं बजेट, घरपट्टी आणि पालिकेच्या शाळा

वेशीवरची

आमच्या नगरपरिषदेचं अंदाजपत्रक विशेष सभेत मंजूर झालं. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला, ‘कोणतीही करवाढ नसलेला शिलकी अर्थसंकल्प’, आणि गावातल्या सगळ्या ग्रुपांवर अभिनंदनाचा पाऊस पडला. चारेक वर्षं प्रशासक होता, डिसेंबर २०२५ मध्ये निवडणूक झाली, थेट लोकांतून निवडलेल्या नगराध्यक्षांचं हे पहिलंच बजेट. त्यामुळे कौतुक समजू शकते. पण मला या मथळ्याचा आनंद झाला नाही. राग आला.

मी अंदाजपत्रकाची प्रत मागवून वाचली. शाळांपुढे जी मोठी रक्कम दिसते ती शिक्षकांच्या पगाराची. तिचा मोठा भाग राज्य सरकारच्या अनुदानातून एका बाजूला जमा होतो आणि दुसऱ्या बाजूला खर्ची पडतो. नगरपरिषदेने स्वतःच्या खिशातून शाळांसाठी काय काढलं, हे शोधायला तीन लेखाशीर्षं, म्हणजे हिशोबातले खर्चाचे रकाने, पाहावी लागली: इमारत दुरुस्ती, शालेय साहित्य, क्रीडा. तिन्ही मिळून जी तरतूद आहे, तिच्याहून जास्त एका चौकाच्या सुशोभीकरणाला आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ मांडते. घरपट्टी वाढवा. माझीही वाढवा. वाढीव पैसा फक्त पालिकेच्या शाळांसाठी वेगळ्या लेखाशीर्षात ठेवा आणि कोणत्या शाळेवर किती खर्च झाला ते दर तीन महिन्यांनी शाळेच्या दारावर लावा.

यावर पहिला आक्षेप काय येणार ते माहीत आहे: ‘बिलात शिक्षण कर आहेच की, अजून किती द्यायचा?’ बिल नीट बघा. सर्वसाधारण कर, दिवाबत्ती, वृक्ष कर, अग्निशमन, घनकचरा आणि मग शिक्षण कर. हा शिक्षण कर नगरपरिषदेचा नाहीच. महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी (उपकर) अधिनियम, १९६२ खाली तो राज्य सरकारचा कर आहे. नगरपरिषद तो फक्त गोळा करते आणि सरकारी तिजोरीत भरते. दुकानांच्या बिलात रोजगार हमीचा कर असतो, त्याचंही तसंच. आपल्या गल्लीतल्या शाळेच्या गळक्या छपराला त्यातला पैसा थेट मिळत नाही.

मग शाळेच्या हातात काय येतं? समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेचं संयुक्त शाळा अनुदान, तेही पटावर ठरतं. तीस पोरांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५,०००, १०१ ते २५० पर्यंत ५०,०००. आमच्या प्रभागातल्या शाळेचा पट शंभराच्या आत आहे. पंचवीस हजारांत वर्षभराचं वीजबिल, खडू, रजिस्टरं, फिनेल, किरकोळ दुरुस्ती, आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. हे भागणार कसं?

ही मागणी काही नवी नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, दिलेल्या निवेदनात म्हटलं होतं की मोठ्या गावांतल्या प्राथमिक शाळांचा खर्च तिथल्या म्युनिसिपालिटीने उचलावा. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात जो कायदा झाला, त्याने नगरपालिकांना आपल्या हद्दीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू करायचा आणि त्यासाठी कर बसवायचा अधिकार दिला. गावाने आपल्या पोरांच्या शाळेसाठी पैसे काढावेत, हे शंभर वर्षांपूर्वी ज्यांना पटत होतं त्यांच्याकडे आपल्याहून कितीतरी कमी होतं.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या अहवालात म्हटलंय की भारतातल्या महापालिकांचं उत्पन्न देशाच्या जीडीपीच्या एका टक्क्याच्या आसपासच गेली कित्येक वर्षं अडकून आहे. महापालिकांची ही गत, तर आमच्यासारख्या ब वर्ग नगरपरिषदेचं काय बोलायचं! तेवढ्या पैशात चांगली शाळा मागायची आणि करवाढ नाही म्हणून हारही घालायचे, हे दोन्ही एकदम होणार नाही.

विरोध असेल तर जरूर लिहा. पण कारण द्या.

अण्णा जुनी पेठ

ताई, तळमळ पोचली. तरी माझा ठाम विरोध आहे, आणि कारणही देतो.

तुम्ही ‘करवाढ नाही’ म्हणता ते दराबद्दल. आकारणीचं काय? दर चार वर्षांनी चतुर्थ वार्षिक आकारणी होते. गेल्या खेपेला टेप घेऊन मोजणारे आले, जिन्याखालची खोलीसुद्धा मोजली. दर तोच राहिला आणि माझं बिल दुपटीच्या पुढे गेलं. पेपरात तेव्हाही ‘करवाढ नाही’ असंच छापून आलं होतं.

ज्यांना हे गणित माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. समजा तुमच्या घराला महिना २,००० रुपये भाडं येऊ शकेल असं नगरपरिषदेने धरलं. वर्षाचे झाले २४,०००. दुरुस्तीचे १० टक्के वजा, राहिले २१,६००. हे तुमचं करयोग्य मूल्य, आणि सगळे कर या आकड्यावर टक्क्यांनी बसतात. भाडं ४,००० धरलं की दर न वाढवता कर दुप्पट. आता माझ्या घराला भाडं येत नाही, कारण त्यात मी आणि माझी बायको राहतो. प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशात बांधलेलं घर आहे. जे उत्पन्न मला मिळतच नाही, त्यावर मी कर भरतो.

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. आमच्या गावात तीनशे फुटांच्या पत्र्याच्या घरालाही बिल येतं. लहान गावात राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी काय पाप केलंय?

आता मुख्य मुद्दा. वाढ नको, वसुली करा. मार्च आला की हलगी घेऊन पालिकेची माणसं कुणाच्या दारात जातात? माझ्यासारख्याच्या. नळ कुणाचा तोडतात? भाडेकरूचा. ज्यांची मंगल कार्यालयं, गोदामं, व्यापारी गाळे वर्षानुवर्षं थकीत आहेत, त्यांच्या दारात हलगी वाजलेली मी पाहिली नाही. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. एखाद्या विधवा बाईचे १०,००० थकले तर वर्षाला २,४०० नुसती शास्ती. ती बिचारी घाबरून उसनवारी करून भरते. मोठा थकबाकीदार मात्र शास्ती माफ करणारी अभय योजना यायची वाट बघत बसतो. आणि ती येतेही.

आधी ही वसुली करून दाखवा. मग शाळेसाठी वाढवा म्हणा, मी अडवणार नाही.

पेठेतला दुकानदार

अण्णांना शंभर टक्के पाठिंबा. अनिवासी दर निवासी दरापेक्षा जास्त, वर रोजगार हमी कर, कचऱ्याचं शुल्क वेगळं, आणि माझ्या दुकानासमोरची गटार मीच माणूस लावून उपसून घेतो. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली तेव्हा व्यापाऱ्यांची सुटका झाली असं आम्हाला वाटलं होतं. झालं काय, तर नगरपरिषदेचं हक्काचं उत्पन्न गेलं, बदल्यात सरकारच्या सहायक अनुदानाकडे डोळे लावून बसणं आलं, आणि जे काही स्वतःचं गोळा करायचं ते सगळं घरपट्टी-पाणीपट्टीतून. म्हणजे फिरून आमच्याच गळ्यात.

ताई म्हणतात माझीही वाढवा. त्यांच्या घराची वाढेल ती शेकड्यात. माझ्या गाळ्याची हजारात वाढेल. ऑनलाइन खरेदीने धंदा आधीच निम्मा झालाय.

नळपट्टी

मी वेगळ्या बाजूने विरोध करतो. शाळा चालवणं नगरपरिषदेचं काम असूच नये.

नगरपरिषदेकडे माणसं किती, अभियंते किती, अक्कल किती, हे आपण रोज बघतो. आमच्या भागात तीन दिवसांआड पाणी येतं. पाणी, गटार, कचरा, दिवे, रस्ते या पाच गोष्टी जिला धड जमत नाहीत, तिच्या हातात मुलांचं शिक्षण कशाला? शाळा जिल्हा परिषदेकडे सोपवा नाहीतर थेट शिक्षण विभागाने चालवाव्यात. २०१३ मध्ये पालिकांच्या शाळा बघणारी शिक्षण मंडळं बरखास्त झाली, तेव्हाच हे काम पूर्ण करायला हवं होतं.

आणि फुल्यांचा दाखला दिलात तर पूर्ण द्या. त्यांनी म्युनिसिपालिटीने खर्च उचलावा म्हटलं, पण शाळांचा कारभार सगळाच्या सगळा तिच्या हातात देऊ नका असंही त्याच निवेदनात बजावलं होतं.

वेशीवरची

अण्णा, आकारणीचा मुद्दा खरा आहे, तो मी बाजूला सारणार नाही. स्वतः राहत असलेल्या लहान घरांना सवलत द्यायला माझी हरकत नाही. किंबहुना तसंच व्हावं. वाढ सरसकट नको, मोठ्या बांधकामांवर जास्त असावी. पण ‘आधी वसुली, मग वाढ’ याचा प्रत्यक्षात अर्थ ‘कधीच नाही’ असा होतो. ही अट मी लहानपणापासून ऐकतेय. वसुली पूर्ण झाली असं कुठलीही नगरपरिषद कधी म्हणणार नाही, आणि तोवर पहिलीत बसलेलं पोर दहावी होऊन जाईल.

नळपट्टी, दाखला पूर्ण केलात हे उत्तम केलंत, कारण तो माझ्याच बाजूचा आहे. पैसा गावाचा आणि देखरेख एकट्या नगरपरिषदेची नाही, हेच मला हवंय. त्यासाठी आज शाळा व्यवस्थापन समिती आहे. शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक असायलाच हवेत, आणि निम्म्या स्त्रिया. आमच्याकडे ही समिती कागदावर आहे, सह्यांपुरती. तिच्याकडे खर्च करायला पैसाच नाही तर ती ठरवणार काय?

जिल्हा परिषदेकडे द्या म्हणता. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये मुलांना शाळा उपलब्ध करून देण्याची जबाबदारी ‘स्थानिक प्राधिकरणा’वरही टाकलेली आहे, आणि शहरात ते प्राधिकरण म्हणजे नगरपरिषद. नुसतं झटकून ती मोकळी होत नाही. शिवाय जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या अधिकाऱ्याला जाब विचारायला मी किती वेळा जाणार? नगरसेवक संध्याकाळी चौकात भेटतो.

खातेवही

एका नगरपरिषदेच्या लेखा विभागात नोकरीची बहुतेक वर्षं काढली, आता निवृत्त. दोन्ही बाजूंनी काही गोष्टी गृहीत धरल्या जाताहेत त्या स्पष्ट करतो.

पहिली गोष्ट ‘शिलकी’ शब्दाची. अंदाजपत्रकात जी शिल्लक दिसते ती घरखर्चातून उरलेल्या पैशासारखी नसते. तिच्यात सुरुवातीची शिल्लक असते, आणि त्या शिलकेत बहुतांश पैसा योजनांचा असतो. रस्त्याला आलेला, पाणीपुरवठ्याला आलेला, काम सुरू न झालेला किंवा बिलं निघायची राहिलेली. तो दुसरीकडे वळवता येत नाही. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीचंच बघा. आपल्यासारख्या गावांना मिळालेल्या अनुदानात ६० टक्के बंधित होते, म्हणजे ३० टक्के पाण्यावर आणि ३० टक्के स्वच्छता व घनकचऱ्यावरच. उरलेले ४० टक्के अबंधित, पण त्यातून पगार भागवता येत नव्हते. शिवाय स्वतःच्या उत्पन्नातले ठरावीक टक्के महिला व बालकल्याण, दुर्बल घटक आणि दिव्यांग यांच्यासाठी राखून ठेवावे लागतात, आणि तसंच हवंही. तेव्हा शिल्लक दिसते म्हणून शाळांना द्या असं म्हणता येत नाही, आणि शिल्लक दिसते म्हणून कारभार उत्तम चाललाय असंही नाही.

शिक्षणाला किती द्यायचं, याचा एक अंदाज म्हणून मुंबईकडे बघू. तिथल्या महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटींचं होतं आणि शिक्षणाला त्यात साधारण ३,९५५ कोटी. म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास, देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिका असून. तेव्हा आपल्या गावाचं हे काही वेगळंच दुखणं आहे असं समजू नका.

दुसरं, ‘कर वाढवू नका’ म्हणणाऱ्यांसाठी. १५ व्या वित्त आयोगाने शहरी संस्थांना अनुदान देताना अट घातली होती: राज्याने मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करायचे आणि नंतर वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीच्या वेगाने वाढली पाहिजे. निवडून आलेली सभागृहं असणं हीदेखील अट. प्रशासक काळात राज्यातल्या कितीतरी नगरपरिषदांना याची झळ बसली. म्हणजे घरपट्टी वर्षानुवर्षं गोठवून ठेवणारं गाव फक्त स्वतःचं उत्पन्न घालवत नाही, वरून येणारा पैसाही धोक्यात घालतं.

तिसरं, वेशीवरची ताईंसाठी. तुमच्या प्रस्तावात एक भोक आहे. वाढीव सर्वसाधारण कर नगरपरिषद निधीतच जमा होणार. ‘शाळांसाठी वेगळं लेखाशीर्ष’ हा सभेचा ठराव असतो, आणि जी सभा ठराव करते तीच वर्षाच्या मध्यात पुनर्विनियोजन करून, म्हणजे एका शीर्षातली रक्कम दुसऱ्यात वळवून, तो पैसा डांबरावर नेऊ शकते. मी स्वतःच्या हाताने अशा नोंदी केल्या आहेत. डिसेंबरात फाइल येते, ‘शाळा दुरुस्ती, अखर्चित’ असा शेरा असतो, आणि रक्कम दुसऱ्या शीर्षात जाते. अखर्चित का? तर अंदाजपत्रक फेब्रुवारीत, तांत्रिक मंजुरी पावसाळ्यात, निविदा दिवाळीला. शाळेच्या सुट्टीतलं काम सुट्टीत होतच नाही. पैसा नव्हता असं दर वेळी नसतं. कित्येकदा पैसा होता, वेळ गेली.

अण्णा जुनी पेठ

खातेवही सर, तुम्ही माझंच म्हणणं जास्त नीट मांडलंत. असलेला पैसा वेळेत खर्च होत नाही, राहिलेला डांबरावर जातो, आणि ताई म्हणतात अजून द्या.

दोन मुलांची आई

इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही. माझी दोन्ही मुलं खाजगी इंग्रजी शाळेत आहेत. फी, बसचं भाडं, दरवर्षी नवा गणवेश, नवी पुस्तकं त्यांच्याच दुकानातून. नवऱ्याचा पगार किती आणि त्यातलं शाळेला किती जातं हे सांगत बसत नाही. घरपट्टी वाढली तर मी एकाच गोष्टीसाठी दोनदा पैसे देणार, हे कुणाच्या लक्षात येतंय का?

थोरलीला पहिलीला पालिकेच्याच शाळेत घालायला गेले होते. सासूबाई तिथेच शिकलेल्या. बाईंनी प्रेमाने बोलावलं, वर्ग दाखवला. वर्ग चांगला होता, भिंतींवर चित्रं, मुळाक्षरं. मग मी मुलींचं स्वच्छतागृह बघायला मागितलं. दाराला आतून कडी नव्हती. एक मुलगी आत जायची आणि दुसरी बाहेरून दार धरून उभी राहायची. नळ होता, पाणी नव्हतं. कोपऱ्यातल्या पिंपात पाणी भरून ठेवलेलं, त्यात एक डबा.

मी घरी आले आणि खाजगी शाळेचा फॉर्म भरला. मला इंग्रजीचं वेड नव्हतं. ती कडी असती तर माझी मुलगी आज तिथे असती.

म्हणून ताई, मी तुमच्या विरोधात आहे की बाजूने, माझं मलाच ठरवता येत नाहीये. कडी लावायला करवाढ लागत नाही. पण वर्षानुवर्षं ती लागलेली नाही, हेही खरं.

खडू-फळा

नगरपरिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, त्यामुळे जपून लिहितो. कोणत्या गावात, ते विचारू नका.

दोन मुलांच्या आईंनी कडीचं लिहिलं. ती कडी मी स्वतःच्या पैशाने दोनदा बसवली आहे. दार पाण्याने कुजलंय, स्क्रू धरत नाही. दार बदलायचं म्हणजे बांधकाम विभाग, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, म्हणजे प्रस्ताव. आमच्या शाळेला तीन वर्षांपूर्वी मोठा डिजिटल फलक मिळाला. कार्यक्रम झाला, फीत कापली. त्याच वर्षी उन्हाळ्यात वीजबिल थकलं म्हणून मीटर काढून नेला. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून बिल भरलं आणि मीटर परत आणला. तोवर पोरं फलकाच्या काळ्या काचेत स्वतःला बघून भांग पाडायची.

फलक भांडवली, म्हणजे एकदाच होणाऱ्या वस्तू-बांधकामाच्या खर्चातून आला होता, त्यासाठी योजना असते. वीजबिल महसुली, म्हणजे रोजचा चालू खर्च, त्यासाठी योजना नसते. झाडूवाली बाई, शिपाई, दार, कडी, बल्ब, यांना कुणाच्याच फोटोत जागा नसल्यामुळे यांना निधी नाही. शाळा नेमकी यांच्यावर चालते. नळपट्टी म्हणतात जिल्हा परिषदेकडे द्या. तिथले माझे सहकारी हेच भोगताहेत.

पट कमी होतो तेव्हा काय होतं तेही ऐका. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक. पट घसरला की संच मान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरवताना, शिक्षक कमी होतो. शिक्षक कमी झाला की दोन वर्ग एकत्र बसतात. ते बघून आणखी चार पालक दाखला काढून नेतात. अनुदान पटावर, शिक्षक पटावर, आणि पट कडीवर. दुकानदारदादा, तुमच्या गिऱ्हाइकांपैकी कितीजणांची मुलं आमच्याकडे आहेत हे एकदा विचारा. हमालाची आहेत, तुमच्याकडे कामाला असलेल्या पोराची आहेत. त्यांना दुसरी शाळा परवडत नाही.

पेठेतला दुकानदार

सर, माझ्या दुकानातल्या पोराची मुलगी तुमच्यासारख्याच शाळेत आहे, मला ठाऊक आहे. वह्या मीच देतो दरवर्षी. म्हणून मदतीला ना नाही. सणाला, गणपतीला आम्ही वर्गणी देतो, शाळेलाही देऊ. सांगा किती लागतात, पेठेतले वीस जण मिळून एका शाळेची सगळी दारं बदलून देऊ, आठवड्यात. पण कर म्हणून मागू नका. कर दिला की तो कुठे गेला ते कळत नाही.

वेशीवरची

दादा, दारं बदलून दिलीत तर मी स्वतः येऊन आभार मानेन. पण वर्गणीवर शाळा चालवायला माझा विरोध आहे, आणि इथे मला ताठरपणे बोलायचंय. ज्या प्रभागात पेठ आहे तिथल्या शाळेला दारं मिळतील. स्टेशनपलीकडच्या झोपडपट्टीतल्या शाळेला कोण देणार? शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते दात्यांच्या मर्जीवर सोडलं नव्हतं. देणगी दिलेल्याचे आभार मानावे लागतात, बोर्डावर नाव लावावं लागतं. कर भरलेल्या माणसाच्या मुलीला कडीचं दार हक्काने मागता येतं. कर आपण सगळेच भरतो. झोपडीतलं कुटुंब भाड्यातून भरतं.

दोन मुलांच्या आई, तुम्ही दोनदा देताय हे खरंच आहे. पण तुम्ही आज जी फी भरता ती नेमकी शाळेला पैसा न दिल्याची किंमत आहे. घरपट्टीतली वाढ त्या फीच्या कितवा हिस्सा असेल, हिशोब करून बघा.

खातेवही सर, भोक मान्य. ते कसं बुजवायचं, तुम्हीच सांगा ना. तुमच्याइतकं आतलं आम्हाला माहीत नाही.

खातेवही

पूर्ण बुजत नाही, लहान करता येतं. नवीन कर किंवा दरवाढ करायची तर सभेचा ठराव, मग जाहीर नोटीस, मग नागरिकांच्या हरकती, असा क्रम असतो. त्या ठरावातच दोन गोष्टी लिहून घ्या. एक, शाळांच्या शीर्षातून पुनर्विनियोजन करायचं असेल तर संबंधित शाळा व्यवस्थापन समितीचा लेखी अभिप्राय फाइलला जोडल्याशिवाय विषय सभेपुढे येणार नाही. असा ठराव पुढची सभा फिरवू शकते, पण तिला तो उघडपणे फिरवावा लागेल आणि इतिवृत्तात ते दिसेल. दोन, वाढीतला एक ठरलेला हिस्सा थेट समितीच्या खात्यात, किरकोळ दुरुस्ती आणि वीजबिलासाठी. समितीचं बँक खातं तसंही असतंच, समग्र शिक्षाचे पैसे त्याच वाटेने हाताळायची सवय शाळांना आहे. कडीसाठी निविदा काढावी लागणार नाही.

पुण्यात महापालिकेने २००६ पासून बजेटमध्ये नागरिकांच्या सूचना घ्यायला सुरुवात केली. त्यात दोष खूप आहेत, बाकं आणि फरशा यांचीच मागणी जास्त येते. पण मागणीचा कागद, त्यावर क्रमांक, आणि तो मंजूर की नामंजूर याचं उत्तर, एवढं तरी हाती येतं. आपल्याकडे तेवढंही नाही.

आणि अण्णांची मागणी याच ठरावात घालता येईल: मोठ्या थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात पालिकेने स्वतःहून बरंच काही जाहीर करणं अपेक्षितच आहे. यादी लागली की वसुलीला वेग येतो, हे मी पाहिलेलं आहे.

नळपट्टी

सगळं वाचून माझं मत तेच आहे. आपण एका न चालणाऱ्या यंत्रणेला आणखी कुलपं लावतोय. समितीच्या खात्यात पैसे गेले की समितीवर कुणाचे पालक येतील ते बघा. नगरसेवकाचा मेहुणा अध्यक्ष होईल. आज ती समिती सह्यांपुरती आहे कारण तिच्यात मिळवण्यासारखं काही नाही.

खडू-फळा

होऊ शकतं. आमच्याकडे एका समितीत तसं झालंही होतं. पण तेव्हा पालकांच्या सभेला चार बायका उठून बोलल्या, कारण पैसा कशाचा आणि किती हे त्यांना माहीत होतं. जिथे पैसाच नाही तिथे कुणी उठून बोलत नाही, हेही मी वर्षानुवर्षं बघतोय.

अण्णा जुनी पेठ

ताई, खातेवही सर, दरवाढीची नोटीस निघाली तर मी हरकत देणार. लेखी देणार, पोच घेणार, सुनावणीला हजर राहणार. हरकतीत तीन गोष्टी असतील: स्वतः राहत असलेल्या लहान घरांना वाढीतून वगळा, पन्नास मोठे थकबाकीदार बोर्डावर लावा, आणि गेल्या पाच वर्षांत शाळा दुरुस्तीचे किती पैसे अखर्चित राहून कुठे वळवले त्याचा हिशोब आधी द्या. तो हिशोब मिळेपर्यंत एक रुपया वाढवायला माझी संमती नाही. माझी नातही उद्या कुठल्या तरी शाळेत जाणार आहे, म्हणून हे सांगतोय, शाळेचं वाईट चिंतून नाही.

वेशीवरची

द्या अण्णा, जरूर द्या. तुमच्या तीनपैकी तीनही गोष्टी मी माझ्या निवेदनात घेते. ‘तोपर्यंत एक रुपयाही नाही’ एवढं सोडून. तिथे आपलं जमणार नाही. पाच वर्षांचा हिशोब काढायला पालिका दोन वर्षं लावेल, आणि मीटर याच उन्हाळ्यात काढून नेतील.

निवेदनाचा मसुदा उद्या इथेच टाकते. खातेवही सर, पुनर्विनियोजनाचं कलम तेवढं तुमच्या शब्दांत लिहून द्या.